दांडी दाबली तरी

९ एप्रिल, मंगळवार

आक्का वाचली. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मग.

वर्कशॉपमध्ये होते. चारा छावणीवरून फोन आला, कुट्टी मशीनमध्ये रुक्मिणआक्काचा पदर गेला. पुढचं ऐकलंच नाही. वर्कशॉपमधल्या इम्रानच्या गाडीवर मागे बसले आणि कडा गावातून थेट छावणीच्या माळावर उतरले.

आक्का हौदाच्या कडेला बसलेली. मनगटात बांगड्यांच्या काचा घुसलेल्या, मानेवर पदराचा लाल वळ. अर्धा पदर अजून रोलरमध्येच, उसाच्या वाढ्यांबरोबर चेंगरलेला.

"दांडी दाबलती मी. दोनदा दाबलती. थांबलंच न्हाई गं."

थांबलं, पण मागून. लुगडं जुनं होतं, टरकलं, म्हणून ती सुटली. नवं असतं तर

नाही लिहीत.

थोरली जाऊ माझी. यंदा ऊसच नाही, तोडीवरून लवकर परत आली. घरात बसून काय करू म्हणाली. संस्थेच्या छावणीत मशीनवर तिला मीच लावलं. मशीनच्या कंट्रोल पेटीतला प्रोग्रामही माझाच.


१० एप्रिल

पेटी काढून वर्कशॉपला आणली. टेबलावर जोडली, मशीन थांबवायच्या दांडीच्या जागी साधं बटन. दाबलं की रोलरचा करंट तोडणारा रिले टक. सोडलं, पुन्हा दाबलं, टक. दिवसभर हेच. हळू दाबलं, जोरात दाबलं, ओल्या हातानं दाबलं. एकदाही उशीर नाही.

इम्राननं वायरिंग तपासलं. ठीक.

बप्पा येऊन गेले. संस्थेचे चेअरमन, त्यामुळे उभ्यानंच बोलतात. "बाईमाणूस घाबरलं की हात गळतो. नीट दाबली नसंल तिनं. पेटी उद्या बसवून टाका, जनावरं खोळंबल्यात."

मी काही बोलले नाही. का नाही बोलले? कारण टेबल म्हणतंय पेटी चांगली आहे.

संध्याकाळी आक्का डाळ निवडत होती, डावा हात पट्टीत. विचारू नये ते विचारलं. "आक्का, दांडी पूर्ण खाली गेली होती ना?"

सूप खाली ठेवलं तिनं. "बप्पानं इचारलं, समजू शकते. तू बी?"

मी वाढलेलं तिनं घेतलं नाही, उठून स्वतः घेतलं.


११ एप्रिल

पेटी बसवली. बसवायला नको होती. पण वाढे अख्खे टाकले तर जनावर निम्मे तुडवतं, खातं थोडं, आणि ट्रक तर आता दिवसाआड येतो.

आक्काच्या जागी शेजारच्या पालातली सविता. तिला सांगितलं, हात तोंडाजवळ न्यायचा नाही, काठीनं ढकलायचं. मी दांडीपाशी उभी. आधीच ठरवलं होतं, मनात येईल तेव्हा दाबायची.

सकाळभर नीट. दाबली की रोलर जागच्या जागी. वरचं मोठं चाक फिरत राहतं, त्याचं काही नाही. रोलर थांबले की माल आत ओढला जात नाही. तेवढंच महत्त्वाचं.

दुपारी पत्र्याखाली उभं राहवेना. एकाच्या जनावरांच्या चाऱ्याचं वजन पूर्ण झालं, त्याची चिठ्ठी छापून बाहेर यायला लागली, पुढच्याचा माल सुरू झाला. मी दांडी दाबली.

रोलर चालूच.

पूर्ण वजन टाकून दाबून धरली. चालूच. चिठ्ठी अडखळत, एकेक ओळ, बाहेर येतेय. तिची शेवटची ओळ आली आणि मग रोलर थांबले.

सविता माझ्याकडे बघतेय. मी दांडीकडे. पुढच्या चिठ्ठीला पुन्हा केलं. तसंच. मेन स्विच पाडला आणि तिथंच पाचटावर बसले.

काल टेबलावर प्रिंटर जोडलाच नव्हता मी.

घरी गेल्या गेल्या आक्काला म्हणाले, "तू दाबली होतीस."

"मग मी काय सांगत व्हते?"

एवढंच. पण रात्रीचं मी वाढलेलं तिनं घेतलं.


१२ एप्रिल, शुक्रवार

बप्पांशी भांडण. भांडण म्हणजे ते बोलले, मी मध्ये मध्ये.

"चिठ्ठीचा आन् दांडीचा काय संबंध?"

सांगितलं. पेटीत काम करणारा एकच आहे. चिठ्ठी छापायची वेळ आली की तो प्रिंटरपाशी जाऊन उभा राहतो आणि विचारत बसतो, झालं का, झालं का. उत्तर येईपर्यंत हलत नाही. तोवर दांडीकडे बघतच नाही. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये गोम आहे.

"मग ड्रायव्हर बदल की! कुणाचा पोरगा हाय? त्याच्या बापाला मी सांगतो."

इम्रान तोंड धरून बाहेर गेला. मला तेव्हा हसू आलं नाही. आत्ता लिहिताना आलं थोडं.

म्हटलं, दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद. संस्थेच्या तिन्ही छावण्यांतली. नुसता प्रिंटर काढूनही भागणार नाही. तो नसला तर पेटी त्याची वाट बघत कायमचीच अडकेल.

"आन् मशीन बंद तर चिठ्ठी बंद. बिनचिठ्ठीचा चारा वाटला म्हणून तपासणीत छावणी उठवली तर? जनावरं तुझ्या दारात बांधू?"

"हातानं लिहून द्या. कोयत्यानं तोडू."

"किती दिस?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हणणारा इंजिनेर पयलाच बघितला."

पण फोन त्यांनीच काढला. केजच्या छावणीवाल्यांनी ऐकलं, लगेच बंद केलं. पाटोद्याकडच्या छावणीतला अशोक ऑपरेटर फोन उचलत नाही. बप्पांनी तीनदा लावला. मी किती वेळा लावला ते लिहीत नाही.

ह्यांचा पाण्याचा टँकर त्या बाजूला जातो. ह्यांच्याकडे निरोप दिला: अशोकला गाठा, मशीन बंद करायला सांगा, मी सांगितलंय म्हणा.


१३ एप्रिल

प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, उघडला. प्रिंटर विकणाऱ्याकडून तयार आलेला. प्रत्येक ओळीनंतर एकच गिरकी: तयार आहेस का? नाही. थोडं थांब. तयार आहेस का? नाही. थोडं थांब. किती वेळ विचारायचं याला हद्दच नाही.

आणि दुपारीच का, तेही सापडलं. हा प्रिंटर कागद तापवून छापतो. त्याचं डोकं फार तापलं की स्वतःच थांबतो, निवला की पुढची ओळ. वर्कशॉपमध्ये पंख्याखाली पटापट निवतो. छावणीत पत्र्याखाली, एप्रिलात, कसा निवणार? जितकं ऊन जास्त तितकी चिठ्ठी हळू, तितकी दांडी बहिरी.

महिनाभर मशीन असंच चाललंय. रोज किती हात त्या तोंडापाशी गेले असतील. डोळ्यापुढे येतात, हिरव्या बांगड्या, गोंदलेले हात.

नवं लिहायला घेतलं. ओळी रांगेत ठेवायच्या, टायमरनं अधूनमधून प्रिंटरला विचारायचं, तयार असेल तर एक ओळ द्यायची आणि निघायचं. उभं राहायचं नाही. दांडीला मात्र वेगळा मान: ती दाबली की हातातलं काम टाकून आधी तिच्याकडे. याला इंटरप्ट म्हणतात.

अशोकचा फोन आता बंदच लागतो. ह्यांचा टँकर आज दुसऱ्या गावाला लावला.


१४ एप्रिल, रविवार

छावणीत बाया कोयत्यानं तोडतायत. तोडीवरून आलेल्याच सगळ्या, हात सराईत. आक्का एका हातानं मोळ्या पुढे सरकवतेय आणि दोन माणसांचं बोलतेय.

तरी मशीनसारखं बारीक होत नाही. भाऊरावांच्या म्हाताऱ्या गाईच्या घशात उसाचं कांडं अडकलं. मेंढरं विकून ही एक गाय राखलीय त्यांनी. मान ताणून, लाळ गाळत उभी. पोट फुगायला लागलं. डॉक्टर येईपर्यंत भाऊराव तिच्या गळ्यावरून हात फिरवत, "सोस माय, सोस."

डॉक्टरांनी नळी घालून कांडं सरकवलं. वाचली.

मग भाऊराव माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "बाई, मशीन कावून बंद केली?"

आक्काचा हात दाखवला. त्यांनी पाहिला. "खरं हाय," म्हणाले. गाईकडे वळत: "पर लवकर करा."

मशीन चालू ठेवलं तर माणूस, बंद ठेवलं तर जनावर. पाणी प्यायला हौदावर गेले, प्यायलंच नाही, परत आले.


१५ एप्रिल

नवा प्रोग्राम पेटीत. पेटी आणि प्रिंटर दोन्ही वर्कशॉपबाहेर उन्हात पत्र्यावर ठेवले, वरूनही पत्रा. अंगाला लावलं तर भाजेल इतकं तापू दिलं. एकामागून एक चिठ्ठ्या. प्रिंटर धापा टाकतोय, एक ओळ, थांब, एक ओळ. मध्येच बटन दाबलं: टक. चिठ्ठी तिच्या चालीनं येत राहिली. पुन्हा: टक.

इम्राननं टाळी वाजवली. मीही खूश. बप्पांना फोन लावणारच होते.

मग वेळ मोजायचं यंत्र लावून बसलो. बऱ्याच दाबण्यांनंतर एकदा टक उशिरा आली. डोळ्याला दिसणार नाही, पण यंत्रावर स्पष्ट. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, जास्त उशिरा.

"एवढं चालतंय ताई. डोळ्याला बी दिसत न्हाई."

"पहिल्यांदाही टेबलावर दिसलं नव्हतं."

मलाच वाईट वाटलं. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

बप्पांना फोन केला नाही. त्यांचा आला. "झालं का?" पुन्हा अर्ध्या तासानं, "झालं का?" आता हे दोन शब्द ऐकले की तो प्रिंटरच डोळ्यापुढे येतो.


१६ एप्रिल

सापडलं. वजनकाट्याचा ड्रायव्हर. काट्याकडून आकडा घेताना हा बाबा दारं लावून घेतो, आकडा पूर्ण हाती येईपर्यंत कुणालाच आत येऊ देत नाही, इंटरप्टलाही नाही. एरवी काटा पटकन देतो, म्हणून कळत नाही. काट्याची तार ढिली झाली, मशीन थरथरलं, तर हा दार लावून वाट बघत बसतो. दांडी बाहेर ठोठावतेय.

मी तार हातानं हलवत ठेवली आणि बटन दाबलं. रिले लागायला एवढा वेळ की इम्रानलाही डोळ्यानं दिसलं. "या अल्ला," म्हणाला.

तेही बदललं. आकडा तयार झाला असेल तरच आत जायचं, नाहीतर पुढच्या फेरीला. दार लावायचं ते डोळ्याचं पातं लवेपर्यंतच.

पण आता माझा माझ्यावर विश्वास राहिला नाही. प्रिंटर झाला, काटा झाला, आणखी काय असेल? शेवटी इम्रान म्हणाला, दांडीची तार पेटीत न्यायचीच कशाला. मोठा रिले घालू, दांडी दाबली की रोलर फिरवणाऱ्या क्लचचा करंटच तुटेल. पेटी बघो न बघो.

बरोबर आहे. हे पहिल्या दिवशीच असायला हवं होतं. दांडीतला छोटा स्विच क्लचचा करंट पेलणार नाही म्हणून तेव्हा पेटीतून घेतलं होतं, आणि मग तेच राहिलं.

"मग परोग्राम कशाला सुधारला आपण?"

"एक मेलं तर दुसरं पाहिजे."

नगरहून रिले मागवले. दुकानात दोनच निघाले. तिसरा येईल म्हणाले.


१७ एप्रिल

हे आज पाटोद्याकडे गेलते. आल्यावर चपला काढायच्या आधीच सांगितलं, "छावणी तिथं न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"उठली. तळ्याचा गाळ बी सुकला, टँकर पुरंना. जनावरं घेऊन दुसरीकडं गेली. खुंटे अन् राख, एवढंच हाय."

"मशीन?"

"नेलं असंल संगं."

कुठं गेली ते गावात कुणी धड सांगेना. एक म्हणतो वर डोंगराकडे, एक म्हणतो दुसऱ्या संस्थेच्या छावणीत मिसळली. बप्पांना जाऊन कळवलं. त्यांनाही माहीत नव्हतं. ऐकून बप्पा खाली बसले. पहिल्यांदा त्यांना बसलेलं पाहिलं.


१८ एप्रिल, गुरुवार

आमच्या छावणीत बसवलं. रिले, पेटी, सगळं. भर दुपारची वेळ मुद्दाम निवडली.

काठीला जुनं कापड गुंडाळून तोंडात घातलं, रोलरनं पकडलं, चिठ्ठी छापत असतानाच दांडी. थांबले. कापड ओढून काढलं. काट्याची तार हलवत दांडी. थांबले. पेटीचा करंट काढून दांडी. थांबले. बप्पांनी स्वतः दाबून पाहिली, सदऱ्याच्या बाह्या वर करून, जणू कुस्ती आहे.

सविता म्हणाली मी उभी राहते. आक्का म्हणाली, "न्हाई. मी."

पट्टी अजून आहे हाताला. म्हटलं, आक्का कशाला, बरी हो आधी.

"आता न्हाई राहिले तर पुन्हा कधीच राहनार न्हाई. तू दांडीपाशी थांब."

पदर कमरेला घट्ट खोचला. बांगड्या नव्हत्याच हातात, काढून ठेवल्यात. मोळी पुढे सरकवली. रोलरनं घेतली. तिचा हात मागे आला आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दाबली.

थांबलं.

"आणखी एकदा."

पुन्हा. थांबलं.

"चिठ्ठी निघताना दाब."

थांबलं. अर्धी चिठ्ठी बाहेर, रोलर स्थिर. आक्का हसली नाही. कपाळावरचा घाम आडव्या हातानं पुसला आणि लायनीतल्या भाऊरावांना म्हणाली, "आणा वो तुमची मोळी, बघत काय बसलात."

दिवसभर उभी होती. मीही. माझा हात दांडीवरून निघेचना. शेवटी तिनंच सोडवला. "जा आता. मला येती दाबाया."


२० एप्रिल

केजचं झालं. सकाळी एसटीनं गेलो, दुपारी तपासून परत. तिथली माणसं बरी. आठवडा कोयत्यानं काढला, कुरकुर नाही. परतताना एसटीत इम्रान झोपला, मी खिडकीतून माळ बघत होते. जिथं पालं दिसतील तिथं वाटायचं, इथं असेल का तिसरं.

बप्पांनी ओळखीच्या सगळ्या संस्थांना फोन केलेत. "माझ्या नावावर हाय ते मशीन," परत परत म्हणतात. आज आवाज बारीक होता.

तिसरा रिले आलाय. पिशवीत ठेवलाय, पेटीसोबत, स्क्रू ड्रायव्हरसोबत. पिशवी दाराशीच.

आक्कानं विचारलं, "तिथं मशीनवर कोन असतंय?" म्हटलं माहीत नाही. कुणीतरी बाईच असेल. ती म्हणाली, "व्हय. बाईच असंल."


२२ एप्रिल, सोमवार. पाटोदा

जीपमध्ये बसून लिहितेय, अक्षर कसंही येतंय.

सकाळपासून इथं विचारत फिरतोय. तहसीलच्या आवारात, बाजारात, पेंडीच्या दुकानात. पेंडवाल्यानं अशोकचा नवा नंबर दिला. त्याचा जुना मोबाईल हौदात पडला म्हणे. एवढंच कारण. मोबाईल हौदात पडला.

लावला. लागला. उचलला.

मागे घरघर. आमचंच मशीन. तो आवाज मी गर्दीतही ओळखीन.

"अशोक, मी सुषमा, कड्याहून. मशीन बंद कर!"

"हॅलो? कोन?"

"मशीन बंद कर! दांडी लागत नाही त्याची! हात जाईल कुणाचा!"

"आवाज येत न्हाई ताई, मशीन चालू हाय."

"बंद कर! कुठं आहेस तू?"

"...खंडोबाच्या माळावर, वर... ताई, लाईन लई मोठी हाय, मोकळं झालो की लावतो."

कट.

परत लावला. वाजतो, उचलत नाही. खिशात असेल. मेसेज टाकला: मशीन बंद कर. दांडी उशिरा लागते. जीव जाईल. वाचला की नाही कळत नाही. बप्पांना नंबर दिला, तेही लावतायत, त्यामुळे आता मधूनमधून बिझी लागतो. कोण बोलतंय, बप्पा की आणखी कुणी?

इम्राननं चौकशी केली. खंडोबाचा माळ या बाजूला दोन आहेत. वर म्हणाला म्हणजे डोंगराकडचा, असं जीपवाला म्हणतो. तिकडे छावणी पाहिलीय त्यानं. कुट्टी मशीन पाहिलं का? "असंल. लक्ष न्हाई दिलं."

जीप भरल्याशिवाय निघत नाही. तीन सीट रिकाम्या. जीपवाला दाराला टेकून तंबाखू मळतोय. बारा वाजून गेलेत, टपाला हात लावला तर चटका बसला. इम्रानला म्हटलं, रिकाम्या सीट आपण घेऊ. तो आधीच सांगायला उतरलाय.

जीपवाला आत बसला. फोन अजून वाजतोय तिकडे. निघालो.